पेशी धुऊन काढलेली झडप

दात्याच्या हृदयातली झडप बसवली की किडनी बदलल्यावर खातात तशी, शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून, आयुष्यभर औषधं खावी लागतात का, असा प्रश्न पडतो. नाही. आणि नव्या पद्धतीत तर झडपेतल्या पेशीच काढून टाकतात. डिटर्जंटच्या द्रावणात ती ढवळत ठेवायची (हो, साबणाच्या भावकीतलंच रसायन), मग पुन्हा पुन्हा खळबळून घ्यायची. उरतो कोलॅजन-इलास्टिन या तंतुमय प्रथिनांचा सांगाडा. शरीराला खटकतात त्या मुख्यतः परक्या पेशी. रिकाम्या सांगाड्यात रुग्णाच्याच पेशी हळूहळू वस्तीला येऊ शकतात.

अशा झडपेची खरी गरज लहान मुलांना आहे. ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने पक्की केलेली प्राण्याची झडप त्यांच्यात लवकर कॅल्शियम धरून कडक होते, शिवाय मूल वाढतं नि झडप तेवढीच राहते. की पुन्हा छाती उघडा.

जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या गटाने 2002 मध्ये मोल्दोव्हातल्या दोन मुलांना अशी मानवी झडप बसवली, तिच्यावर आधी त्यांच्याच रक्तातल्या पेशी रुजवून. पुढे रुजवण्याचा खटाटोप सोडून ते नुसता सांगाडाच बसवू लागले. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं.

'मग डुकराचीच झडप धुऊन वापरा, मानवी झडपांचा तुटवडाच नको' असं म्हणणाऱ्यांसाठी: ते करून झालंय. 2001 मध्ये चार मुलांना तशा झडपा बसवल्या, त्यातली तीन दगावली. व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी 2003 मध्ये हे प्रसिद्ध केलं. काढलेल्या झडपांत तीव्र दाह होता, आणि पेशी पुरत्या धुतल्याच गेल्या नव्हत्या.