वडोदऱ्यात गच्चीवर सोलर, सबसिडी आधीच वजा होते का?

दांडियाबाजारकर: उन्हाळ्यात एसीचं बिल बघून डोळे पांढरे होतात, ३ किलोवॅट लावायचा विचार चाललाय, पण एजंट म्हणतो सबसिडी आधीच वजा करून देतो, खरंय का?

मकरपुरावाला: नाही हो. केंद्राच्या पीएम सूर्यघर या गच्चीवरच्या सोलर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० आणि तिसऱ्याचे १८,०००, असे ७८,०००, पुढे कितीही लावा तेवढेच. नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला परत दिलेली वीज मोजणारा) बसून तपासणी झाली की पैसे तुमच्याच खात्यात येतात.

बडोद्याची सून: पॅनल भारतातलेच हवेत, स्वस्तातले चायना घेतलेत तर सबसिडी विसरा. शिवाय विजेचं मीटर तुमच्याच नावावर आहे ना बघा. आणि उत्तरायणला पतंगवाल्यांना गच्चीवर आवरा 😄

दांडियाबाजारकर: मीटर अजून आजोबांच्याच नावावर! आधी ते माझ्या नावावर करतो.