सोसायटी ग्रुप, रविवार रात्र: चिन्मयीच्या मैत्रिणीसाठी पत्र

गोडबोले काका (सचिव): आयर्विन पुलाला सकाळपेक्षा दोन फूट पाणी वाढलंय. इशारा पातळी ४० फूट आहे, आपण अजून बरेच खाली आहोत. तरी तळमजल्यावाल्यांनी गाड्या रात्रीतच वरच्या बाजूला लावाव्यात.

माने काकू (बी-६): काका, मधेच दुसरा विषय काढते, माफ करा. अमेरिकेत शिकणाऱ्या आमच्या चिन्मयीच्या रूममेटला परवा संध्याकाळी घराबाहेरून उचलून नेलं. साध्या कपड्यातली माणसं होती म्हणे. जॉर्डनची मुलगी आहे, युनिव्हर्सिटीत पॅलेस्टाइनच्या बाजूनं सभा-बिभा घ्यायची. व्हिसा रद्द केलाय, आता परत पाठवणार म्हणतात. चिन्मयी दोन रात्री झोपलेली नाही. मी तिच्यासाठी काहीतरी करणारच म्हणते. हे म्हणतात, गप्प बस, तुझाही व्हिसाच आहे. मला काय सांगावं तिला?

अण्णा (ए-४): काकू, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पोर शिकायला गेलंय, शिकून यावं. दुसऱ्याच्या गावात जाऊन पाटीलकी कशाला? फेब्रुवारी २०२५ ला बघितलं नव्हं, आपल्या १०४ माणसांना बेड्या घालून लष्करी विमानानं अमृतसरला आणून सोडलं.

रोहन (सी-५): अण्णा, ते वेगळं. त्यातली बहुतेक माणसं कागदांशिवाय सीमा ओलांडून गेली होती. ही मुलं रीतसर प्रवेश घेऊन, फी भरून गेलेली. मीही तीन वर्षं तसाच होतो. कुणी काही फोडलं-जाळलं नसताना, नुसतं लिहिलं म्हणून उचललेत २०२५ मध्ये.

अण्णा (ए-४): नुसतं लिहिलं म्हणून कोण उचलतंय?

रोहन (सी-५): टफ्ट्स युनिव्हर्सिटीची रुमेसा ओझतुर्क. तुर्कीची पीएचडीची मुलगी. मार्च २०२४ मध्ये चार जणांनी मिळून कॉलेजच्या पेपरात एक लेख लिहिला होता, युनिव्हर्सिटीनं इस्रायलशी संबंधित गुंतवणूक काढून घ्यावी वगैरे. बरोबर वर्षानं, २५ मार्च २०२५ ला, सॉमरव्हिलमध्ये रोजा सोडायला निघाली होती, रस्त्यातच धरली. तोंड झाकलेली माणसं. शेजारच्या कॅमेऱ्यात सगळं आलंय.

जोशी आजी (ए-२): अरे देवा. उपाशी पोर.

ॲड. मुल्ला भाभी (सी-२): उशिरा बघितलं, आज पक्षकाराच्या घरी जेवण होतं. माने काकू, अमेरिकेतली वकिली मी करत नाही, पण या केसेस मार्चपासून वाचतेय. चिन्मयीला आधी एकच विचारा. मैत्रीण आत्ता नक्की कुठल्या ठिकाणी आहे, आणि वकिलाला ते कळलंय का? बाकी सगळं नंतर.

माने काकू (बी-६): कुठेय तेच कळत नाही हो. काल एका ठिकाणी फोन केला तर म्हणाले इथे अशी कुणी नाही.

मुल्ला भाभी (सी-२): हाच खरा घोळ असतो. थोडं लांब लिहिते.

आपल्याकडे हायकोर्टात घटनेच्या कलम २२६ खाली बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करतो ना, म्हणजे माणूस कोर्टासमोर आणा आणि कुठल्या कायद्याखाली धरलाय ते सांगा, तसाच हेबियस कॉर्पस तिकडे फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात करतात. पण तो साधारणपणे ज्या जिल्ह्यात माणूस कोठडीत आहे तिथल्याच कोर्टात लागतो. म्हणून हलवाहलव महत्त्वाची. ओझतुर्कला धरलं मॅसॅच्युसेट्समध्ये. रात्री वकिलानं तिथे अर्ज टाकला तोवर ती व्हर्मांटमध्ये पोचली होती, आणि दुसऱ्या दिवशी थेट लुइझियानात. मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टानं हलवू नका म्हटलेलं, पण पाखरू उडालं होतं. मग केस मॅसॅच्युसेट्सहून व्हर्मांटला, त्यावर सरकारचं अपील. ९ मे ला जामिनावर सुटली. ४५ दिवस. दम्याचे अटॅक येत होते तिला आत.

आता दुसरा बघा. मोहसिन महदावी, कोलंबिया युनिव्हर्सिटीचा विद्यार्थी. १४ एप्रिलला नागरिकत्वाच्या मुलाखतीला बोलावून तिथेच धरला, व्हर्मांटमध्ये. त्यालाही लुइझियानाला न्यायचं होतं, विमान थोडक्यात चुकलं. तेवढ्यात वकिलांनी व्हर्मांटच्या कोर्टातून ‘राज्याबाहेर हलवू नका’ असा आदेश मिळवला. ३० एप्रिलला बाहेर. १६ दिवस.

अण्णा (ए-४): म्हणजे विमान चुकलं म्हणून वाचला?

मुल्ला भाभी (सी-२): विमान चुकलं आणि वकील जागा होता. मुलाखतीला जाण्याआधीच त्याला शंका आली होती, म्हणून वकिलाची तयारी होती.

गोडबोले काका (सचिव): २०१९ ला आपलं तसंच झालं की. पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ज्या बिल्डिंगमध्ये कोण कुठल्या मजल्यावर आहे त्याची यादी होती, तिथे बोट आधी गेली. आपल्या वहीत नव्हती. आपण सहा तास गच्चीत.

जोशी आजी (ए-२): त्या गच्चीत भडंगाचा एक डबा होता तेवढाच.

रोहन (सी-५): काकू, इमिग्रेशनवाल्यांची एक ऑनलाइन शोधसोय आहे, तिथे नाव आणि जन्माचा देश टाकून बघता येतं. पासपोर्टवर जसं स्पेलिंग तसंच टाकायला सांगा. एक अक्षर इकडे-तिकडे झालं तरी ‘नाही’ येतं. आणि दिवसातून तीनदा बघायचं, नोंद उशिरा पडते. माझ्या मित्राच्या वेळी नाव-आडनाव उलटं टाकल्यावर सापडलं होतं.

माने काकू (बी-६): थांबा, तिला लगेच पाठवते. तिथे आत्ता दुपार असेल.

अण्णा (ए-४): भाभी, पण सरकारनं एकदा ठरवलं तर कोर्ट काय करणार? आमच्या गावात म्हणायचे, १९४३ ला वसंतदादांनी सांगलीचं जेल फोडलं, खंदकात उड्या मारून गेले. २४ जुलै. ते खरं सुटणं.

मुल्ला भाभी (सी-२): दादांच्या दोन साथीदारांना गोळ्या लागून जीव गेला त्यात, अण्णा. इथे खंदक कागदाचा आहे. आणि तुमचा प्रश्न बरोबर आहे, त्याचं उत्तर सरळ नाही. तिकडे दोन रस्ते एकाच वेळी चालतात. देशातून काढायचं की नाही ते इमिग्रेशन कोर्ट बघतं, आणि ते कोर्ट न्यायखात्याच्या, म्हणजे सरकारच्याच अखत्यारीत येतं. तिथे सरकारी खर्चानं वकील मिळत नाही, स्वतःचा आणायचा. कोठडीत ठेवणं घटनेत बसतं का ते फेडरल न्यायाधीश बघतात. ही मुलं सुटली ती दुसऱ्या रस्त्यानं. पहिली केस डोक्यावर असतेच. कोलंबियाच्याच महमूद खलीलवर तर १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं क्वचित वापरलेलं कलम लावलं, परराष्ट्रमंत्र्याला वाटलं की माणसाचं राहणं परराष्ट्र धोरणाला घातक आहे, बस. त्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं. बायको अमेरिकन.

जोशी आजी (ए-२): तोच ना, ज्याची बायको तो आत असताना बाळंत झाली?

मुल्ला भाभी (सी-२): तोच, आजी. एप्रिलमध्ये मुलगा झाला, बापाला सोडलं नाही. २० जूनला सुटला.

अण्णा (ए-४): हे वाईट झालं. बाळंतपणाला तर कैद्यालाही सोडतात आपल्याकडं.

माने काकू (बी-६): चिन्मयीचा मेसेज आला. सापडली!! लुइझियानात आहे. आडनावात एक ‘एच’ कमी होता. वकील युनिव्हर्सिटीच्या लॉ क्लिनिकची आहे, फुकट बघते. तिला कळवलंय. पण चिन्मयी विचारते आता मी काय करू, मोर्चा आहे शुक्रवारी.

रोहन (सी-५): मोर्चाला तिच्या अमेरिकन वर्गमित्रांना जाऊ दे. त्यांचा व्हिसा कोण काढून घेणार? ज्याला धोका कमी त्यानं पुढं व्हायचं. तिनं आधी स्वतःच्या आय-२० ची (कॉलेज व्हिसासाठी देतं तो प्रवेशाचा कागद) आणि पासपोर्टची कॉपी तुमच्याकडे पाठवावी.

मुल्ला भाभी (सी-२): जाऊ नको असं मी नाही म्हणणार, तिचं तिनं वकिलाशी बोलून ठरवावं. पण तिच्या हातात यापेक्षा जास्त कामाची गोष्ट आहे. महदावीच्या केसमध्ये न्यायाधीशांकडे त्याला ओळखणाऱ्यांची ९० हून अधिक पत्रं आली होती. प्राध्यापक, शेजारी, त्यात बरेच ज्यू लोक. न्यायाधीशांनी आदेशात त्याचा उल्लेख केलाय. ओझतुर्कसाठी टफ्ट्सनं लेखी निवेदन दिलं की हा लेख आमच्या कुठल्याच नियमाविरुद्ध नव्हता. अध्यक्ष सुनील कुमार, बंगळूरच्या आयआयएस्सीत शिकलेले आपलेच. माणूस पळून जाणार नाही, कुणाला धोका नाही, एवढंच कोर्टाला बघायचं असतं जामिनासाठी. ते कोण सांगू शकतं? जी तिच्याबरोबर राहते ती.

माने काकू (बी-६): काय लिहायचं त्यात?

मुल्ला भाभी (सी-२): डोळ्यांनी बघितलेलं. कधीपासून एकत्र राहता, भाडं वेळेवर देते का, आजारी पडल्यावर काय केलं. विशेषणं नकोत. आणि पत्र थेट कुणाला पाठवायचं नाही, फेसबुकवर टाकायचं नाही, फक्त वकिलाकडे. आणि तिची खोली आहे तशी ठेवायची, लॅपटॉपला हात लावायचा नाही. औषधं चालू असतील तर चिठ्ठीचा फोटो वकिलाकडे.

अण्णा (ए-४): आपल्या देशाची असती तर आपलं सरकार तरी बघितलं असतं.

रोहन (सी-५): अण्णा, बदर खान सुरी भारतीयच. जॉर्जटाउन युनिव्हर्सिटीत संशोधन करायचे. १७ मार्चला घराबाहेर धरले, टेक्सासला नेले, १४ मे ला सोडले, तेही कोर्टानंच.

अण्णा (ए-४): बरं. भाड्याचं काय पोरीच्या? महिना संपत आलाय. मी हजार देतो.

माने काकू (बी-६): अण्णा 🙏 आत्ता नको. तिघी मिळून भागवतायत. लागलं तर सांगते.

(मंगळवार)

माने काकू (बी-६): पत्र गेलं. चिन्मयीनं मला मराठीत वाचून दाखवलं. डिसेंबरात हिला ताप होता तेव्हा त्या मुलीनं रात्री अडीचला बर्फात चालत जाऊन गोळ्या आणल्या होत्या, आणि आपला मेतकूट भात शिकून करून घातला होता, तेवढंच आहे दीड पानात. मला हे आजवर सांगितलंच नव्हतं कार्टीनं. शेवटी ‘ती राजकारणात कधीच नव्हती’ असं लिहिलेलं, वकीलबाईंनी ती ओळ काढली. म्हणाल्या, तुला जे माहीत नाही ते लिहू नको, आणि राजकारणात असणं गुन्हा नाही.

मुल्ला भाभी (सी-२): हुशार बाई आहे. सुनावणी कधी?

माने काकू (बी-६): पुढच्या गुरुवारी. तिथले सकाळचे दहा म्हणजे आपली संध्याकाळ ना?

रोहन (सी-५): लुइझियानाचे दहा म्हणजे आपले साडेआठ. बॉस्टनचे असतील तर साडेसात. कुठलं कोर्ट ते विचारा आधी.