विषय: अंजर्ल्याची ती सहा यंत्रं, बॅगेत न्यायची की नाही?

खजिनदार, सोमवार रात्री

मंडळी, गुरुवारी रात्रीचं भारताचं विमान आहे आणि मोबाइल बंद पडला तरी गावात निरोप जावेत म्हणून घेतलेल्या सहा रेडिओ यंत्रांचा, नानांनी आणून ठेवलेला खोका अजून माझ्या बेसमेंटमध्येच. आज उघडला तर प्रत्येक डबीवर ठळक अक्षरांत 'एईएस-२५६ एन्क्रिप्शन', म्हणजे निरोप गुप्तलिपीत जाणार. मुलगा म्हणतो, भारतात असलं काही आणायला बंदी आहे. मागच्या बैठकीत यावर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. बुधवारपर्यंत सांगा, बॅग मी एकदाच भरणार. आणि नाना, खोक्यात सातवं नारिंगी यंत्र कसलं? पावती सहाचीच आहे.

नाना, सोमवार, मध्यरात्र उलटून

पोराचं ऐकून घाबरू नकोस. भारतातल्या इंटरनेट परवान्यात जुनी अट होती: गुप्तलिपीला ४० बिटांपेक्षा लांब किल्ली (जितकी लांब तितकी फोडायला अवघड) वापरायची तर लेखी परवानगी घ्या आणि किल्ली दोन भागांत सरकारजमा करा. तिकडे रिझर्व्ह बँकेने २००१ मध्येच बँकांना किमान १२८ बिट सांगितले! म्हणजे एका खात्याचं ऐकलं की दुसऱ्याचा नियम मोडलाच. कोण विचारतो? २०१५ च्या सप्टेंबरात मसुदा काढला, की पाठवलेला प्रत्येक निरोप उघड्या स्वरूपात ९० दिवस जपून ठेवा. इतकी ओरड झाली की काही दिवसांत मागे घेतला. आणि अमेरिकेचं कौतुक नको. १९९६ पर्यंत हेच लोक गुप्तलिपीला दारूगोळ्याच्या यादीत धरत होते, ब्राउझर परदेशी द्यायचा तर ४० बिटांचा. तुझ्या फोनमधल्या व्हॉट्सॲपलाही एन्क्रिप्शन आहे, तो कुणी काढून घेतलाय का? बिनधास्त ने. नारिंगी माझं स्वतःचं आहे, सॅटेलाइटवरून निरोप जातो. अंजर्ल्याच्या तात्यांना भेट.

ताई, मंगळवार सकाळ

नाना, व्याख्यान छान, पण अडलंय भलतीकडेच. एन्क्रिप्शनसाठी तुमची बॅग कुणी उघडणार नाही. ही रेडिओ यंत्रं आहेत हो. ९१५ मेगाहर्ट्झची. इथे तो लहरींचा पट्टा मोकळा आहे, परवाना लागत नाही; भारतात त्यातला काही भाग मोबाइलवाल्यांचा आहे. तिथे असल्या यंत्रांना ८६५ ते ८६८. आणि १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून तिथे रेडिओ नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागत आलाय. मोकळ्या पट्ट्यातलं यंत्र परवान्यातून सुटतं, तरी आयात करताना त्या मॉडेलला डब्ल्यूपीसीची, म्हणजे तिथल्या बिनतारी खात्याची, मंजुरी हवी. सॉफ्टवेअरमध्ये देश बदलता येतो, हे मला माहीत आहे. अँटेना ९१५ चीच राहते आणि डबीवर आकडाही तोच छापलेला. शिवाय एकसारख्या सहा डब्या पाहून 'स्वतःच्या वापराला' कोण मानेल?

नारिंगी तर घराबाहेरसुद्धा काढू नका. २६/११ च्या हल्लेखोरांकडे सॅटेलाइट फोन होता, तेव्हापासून याबाबत फार कडक आहेत. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर असल्याच यंत्रापायी एका परदेशी बाईंना पोलिसांनी अडवलं होतं. माणूस ट्रेकला निघालाय की आणखी कशाला, हे ते विचारत बसत नाहीत.

वहिनी, मंगळवार

अडवण्यावरून आठवलं. गेल्या वर्षी इकडे परतताना माझी आगळाची बाटली काढून घेतली. लालभडक दिसतं म्हणून तीन माणसं वास घेऊन गेली. सोलं मात्र सुटली. कुणाकडे जास्तीचं आगळ असेल तर कळवा.

नाना, मंगळवार

वहिनी, आगळ हातातल्या पिशवीत नेतात का कुणी? चेक-इनमध्ये टाकायचं. ताईंसाठी: 'निसर्ग' वादळानंतर या यंत्रांचं टिपण कुणी लिहिलं होतं? तेव्हा समितीतल्या एकानेही फ्रिक्वेन्सीचा उच्चार केला नाही.

ताई, मंगळवार

टिपण वाचायला दिलं असतं तर केला असता. खरेदीचंही या ई-मेल यादीवर पावती आली तेव्हाच कळलं.

तात्या, अंजर्ले, बुधवार

तुमचं भांडण वाचून करमणूक झाली, आता इकडचं ऐका. ३ जून २०२० ला वादळ आलं, त्यानंतर कित्येक दिवस वीज नाही, मोबाइलचे मनोरे मुके. खाडीपलीकडे हर्णैला धाकटी बहीण जिवंत आहे की नाही, हे मला एक होडीवाला सांगून गेला तेव्हा कळलं. पोफळीची सगळी बाग आडवी, त्यावरून चालत कुठे जाणार? म्हणून यंत्रं हवीत, हे खरं. पण आम्हाला गुप्त काय बोलायचंय? ट्रान्सफॉर्मर कधी येणार आणि कुणाच्या घरात इन्शुलिन शिल्लक आहे, एवढंच. ते साऱ्या गावाने ऐकलेलंच बरं.

भाचा पुण्यात हेच करतो. तो म्हणाला, या यंत्रांच्या मूळ वाहिनीची किल्ली जगजाहीर असते, सहा जणांनी मुद्दाम बदलली तरच ती गुप्त. म्हणजे डबीवरच्या त्या २५६ ला भिऊ नका. पण ताईचं ऐका, ९१५ नको. ८६८ ची यंत्रं इथे मिळतात, मंजुरी बघून तो घेईल. एक कड्यावरच्या गणपतीच्या टेकडीवर ठेवू म्हणतो, तिथून बराच किनारा दिसतो. देवस्थानाला मी विचारतो. दुसऱ्या कुणी परस्पर फोन करू नये, मागच्या वेळी सौर दिव्यांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

नानांच्या भेटीबद्दल आभार. भेट तिकडेच राहू दे.

खजिनदार, बुधवार रात्री

ठरलं. सहाही इथेच राहणार, परत घेतात का ते शनिवारच्या आत नानांनी दुकानात विचारावं. तात्या, भाच्याकडून पक्की पावती हवी, नुसता मेसेज चालणार नाही. देवस्थानाशी तात्याच बोलतील. नारिंगी यंत्र नानांच्या पोर्चवर ठेवून आलोय.

बॅगेत आता चार किलोची जागा झाली आहे. हे लिहिताना पश्चात्ताप होतोय, पण विचारतो: वाचनालयासाठी कुणाला काही द्यायचं असेल तर उद्या दुपारपर्यंत. दिवाळी अंकांचे गठ्ठे नकोत.

वहिनी, बुधवार रात्री

चार किलो म्हणजे नक्की चारच का?