अनुभव धागा : गावात आत्महत्या रोखण्याचे काम – काय चालते, काय फसते

धागा काढताना

यवतमाळ, वर्धा, अमरावतीचा कापूसपट्टा आणि मराठवाड्यातले जिल्हे इथे गावोगावचे स्वयंसेवक हे काम वर्षानुवर्षे करत आहेत. २०१५ पासून शेतकऱ्यांना मानसिक आधार देणारा शासनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ही १४ जिल्ह्यांत आला. भाषणे भरपूर झाली आहेत. इथे हातातली पद्धत लिहा. गट कसा बांधता, काय विचारता, समोरचा ‘हो’ म्हणाला तर पुढचा तास कसा जातो, गाडी कुठे अडते. एकच अट आहे. कोणाच्या घरी घडले, कसे घडले, हे लिहू नका.

वाचणाऱ्या कोणाच्या मनात स्वतःबद्दल असे विचार येत असतील तर आधी १४४१६ लावा. ही टेली-मानसची, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत सेवा आहे, रात्री-अपरात्रीही चालू असते, मराठीत बोलता येते. धागा कुठे जात नाही.

गटबांधणी करणारा, वर्धा जिल्हा

हजार-बाराशे वस्तीला सहा ते आठ माणसे पुरतात, त्यात निम्म्या बाया हव्यात. गावाचे बोलणे ज्यांच्या कानावर आपोआप पडते अशी माणसे निवडा. आशाताई, बचत गटाची अध्यक्ष, दूध संकलनावरचा पोरगा, न्हावी, कृषी केंद्रवाला, शाळेतल्या एखाद्या बाई. ज्याच्याकडे गावाची उधारी अडकली आहे त्याला गटात घेऊ नका, मग तो कितीही सज्जन असो. ज्याचे देणे आहे त्याच्याजवळ कोणी मन मोकळे करत नाही. पोलीस पाटलांना कामाची माहिती द्या, पण ऐकायला बसवू नका. त्यांना पाहिले की घरच्यांना पंचनामा आठवतो.

‘केस होईल’ या भीतीने दवाखाना टाळणारी घरे अजून आहेत. गटातल्या प्रत्येकाला हे तोंडपाठ हवे: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही. जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुने ३०९ कलम राहिलेलेच नाही. दवाखान्यात नोंद होते, पोलीस जबाबाला येतात, हेही आधीच सांगून ठेवा. नाहीतर खाकी दिसली की नातेवाईक पेशंट उचलून घरी आणतात.

प्रशिक्षणाला दोन दिवस पुरतात. दुसरा पूर्ण दिवस एकाच वाक्यावर घालवा: “जीव द्यावा असं मनात येतं का?” जोड्या करून प्रत्येकाने ते वीस वेळा मोठ्याने विचारायचे. पहिल्या पाच वेळा सगळ्यांचीच जीभ अडखळते. घाबरलेल्या स्वयंसेवकाने विचारले की प्रश्न हमखास “तसलं काही नाही ना?” असा होतो, आणि त्याला उत्तर “नाही” हेच येते.

आशा गटप्रवर्तक, यवतमाळ जिल्हा

वरच्या दादांचे खरे आहे. विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन विचार घुसत नाही. आधीपासून असेल तर विचारणारे कोणी भेटले म्हणून हायसे वाटते.

आम्ही नैराश्य ओळखायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली (पीएचक्यू-नऊ) वापरतो. गेल्या दोन आठवड्यांचे विचारायचे, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २७. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली तर पुढे पाठवायचे. नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आले तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी बोलायचे. फसते ते इथेच. दिवसभर पंधरा घरे करायची, बेरीज रात्री स्वयंपाक आटोपल्यावर घरी करायची, आणि नवव्या प्रश्नातला ‘दोन’ दुसऱ्या दिवशी सकाळी नजरेस पडतो. घर सोडण्याआधी नववे उत्तर पाहायचे. बेरीज मागून केली तरी चालेल.

दुसरी चूक म्हणजे सासूसमोर सुनेला विचारणे. विहिरीवर, वावरात, बचत गटाची बैठक सुटल्यावर विचारा. गड्यांना संध्याकाळी विचारू नका, पिऊन आलेल्याचे उत्तर भरवशाचे नसते. सकाळी धुऱ्यावर बरे.

‘उदास वाटते का’ हा पुस्तकी शब्द झाला. इकडे लोक म्हणतात: टेन्शन आहे, झोप लागत नाही, जेवण गोड लागत नाही, डोकं भणभणतं, कशातच मन लागत नाही. आणि “माझ्यामागं पोरांकडं पाहाल ना?”, “आता बैल तूच सांभाळ” अशी निरवानिरवीची भाषा आली की प्रश्नावली बाजूला ठेवायची आणि सरळ विचारायचे.

समुपदेशक, ग्रामीण रुग्णालय

‘हो’ आल्यानंतरचे लिहितो. तीन गोष्टी समजून घ्यायच्या: नुसता विचार येतो की काही ठरवले आहे, साधन हाताशी आहे का, आणि पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का. नुसता विचार असेल तर दोन दिवसांत ओपीडी. ठरवलेले असेल तर माणसाला एक मिनिटही एकटे सोडायचे नाही, संडासला गेला तरी दाराशी कोणीतरी. दोन स्वयंसेवक लागतात. एकाने सोबत बसायचे, दुसऱ्याने घरच्यांना गाठायचे, १४४१६ लावायचा, गाडी पाहायची.

“कोणाला सांगणार नाही” असा शब्द कधीही देऊ नका. “गावात बोभाटा होऊ देणार नाही, पण तुमचा जीव वाचवायला ज्याला सांगावं लागेल त्याला सांगेन, आणि आधी तुम्हाला विचारून कोणाला ते ठरवू,” एवढेच. आणि त्या घटकेला उपदेश करू नका. “पोरांचा विचार कर” याने माणूस आणखी अपराधी होतो. तो पोरांचाच विचार करून थकलेला असतो.

मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला ठरलेल्या दिवशीच येतात. तो दिवस बदलतो आणि गावाला कळत नाही. चाळीस किलोमीटर जाऊन रिकाम्या हाताने परतलेला माणूस पुन्हा निघत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या कक्षाला फोन करून वार पक्का करा. जाण्या-येण्याच्या भाड्यापुरते पैसे गटाच्या डब्यात असू द्या.

गोळ्या सुरू झाल्यावर खरी कसोटी. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पण सुस्ती आणि मळमळ पहिल्या आठवड्यातच जाणवते. म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी गोळ्या बंद होतात. तिसरा, सातवा, चौदावा आणि तिसावा दिवस, या चार भेटी चुकवू नका. सातव्या दिवशी गोळ्यांची पट्टी हातात घेऊन मोजा.

अमरावतीहून

डॉक्टर कमी म्हणून काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी. याच जिल्ह्यात ३० गावांत, जवळपास लाखभर लोकसंख्येत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. गावातल्या कार्यकर्त्या, त्यांच्यावर थोडे शिकवलेले समुपदेशक आणि गरज पडली तरच मानसोपचारतज्ज्ञ, अशी तीन पायऱ्यांची रचना होती. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते. दीड वर्षाने पाहिले तेव्हा २७.२ टक्के. २०१७ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आले. तरीही चारातले तिघे बाहेर राहिले, हे मला जास्त टोचते.

कृषी सेवा केंद्र चालक

आमच्याकडे कीटकनाशकाला ‘औषध’च म्हणतात. तो शब्द ऐकला की कोणते औषध हे नीट विचारून घ्या.

घरोघर कुलपाची पेटी वाटण्याची कल्पना बऱ्याच गटांना सुचते. श्रीलंकेत १८० गावांत हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिले. २०१७ साली निकाल आला, पेट्यांमुळे विषबाधा कमी झाल्याचे दिसले नाही. तिथे मोठा फरक पडला तो जास्त विषारी औषधांवर टप्प्याटप्प्याने आणलेल्या बंदीमुळे. पेटी वाईट नाही, पण ती वाटली म्हणजे काम झाले असे समजू नका. फवारणीच्या हंगामात कुलूप उघडेच राहते आणि किल्ली खिळ्याला टांगलेली असते.

दुकानात आम्ही हे पाळतो. किती एकर, कोणते पीक, कोणती कीड, हे विचारल्याशिवाय औषध द्यायचे नाही. एका फवारणीपुरतेच द्यायचे आणि न उघडलेली बाटली परत घ्यायची, म्हणजे घरात साठा राहत नाही. पिऊन आलेल्या, रडवेल्या किंवा पिकाचे नावही नीट न सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला “माल संध्याकाळी येतोय” म्हणून थांबवायचे, चहा मागवायचा आणि गटाला फोन करायचा. असा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. तो तासभर टळणे फार मोलाचे. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल हा आक्षेप खरा आहे, म्हणून बाजारातल्या सगळ्या दुकानांनी मिळून ठरवले तरच उपयोग.

ज्या घरी धोका कळला आहे तिथला साठा त्याच दिवशी हलवा. शेजाऱ्याच्या वावरातल्या कोठीत किंवा दुकानात परत.

१०८ वर काम करणारा

विषबाधेचा संशय आला की १०८ लावा आणि काहीही पाजू नका. मिठाचे पाणी नको, ताक नको, घशात बोटे घालून उलटी काढणे नको. उलटी श्वासनलिकेत जाते आणि त्यानेच जीव जातो. बेशुद्ध असेल तर डाव्या कुशीवर वळवा. अंगावर सांडले असेल तर हातात प्लास्टिक पिशवी घालून कपडे काढा, अंग साबणाने धुवा. बाटली किंवा लेबल सोबत द्या, डॉक्टरांचा वेळ वाचतो. “बरा दिसतोय” म्हणून घरी ठेवू नका. काही विषांचा परिणाम उशिराने दिसतो.

कागदपत्रांचे काम पाहणारी, धाराशिव

मन आणि कर्ज वेगळे काढता येत नाही, पण दोन्ही एकाच माणसाने हाताळू नये. कागदवाला वेगळा ठेवा. त्याच्या पिशवीत सातबारा, आठ-अ, बँक पासबुक, विम्याची पावती यांच्या झेरॉक्स. २०२५ च्या खरिपाआधीच्या पीकविम्यात शेतातल्या स्थानिक नुकसानीची सूचना ७२ तासांत गेली नाही तर दावा तिथेच संपायचा. हे ७२ तास बहुतेक रडण्यात जायचे.

सावकाराचे प्रकरण असेल तर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा. परवाना आहे का हे तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे कळते. अवैध सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर १५ वर्षांच्या आतल्या व्यवहारासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. कर्जमाफी मिळवून देतो असे मात्र तोंडातून काढू नका. आशा लावून ती मोडली तर धोका आधीपेक्षा वाढतो.

मृत्यू झालेल्या घरी शासनाचे एक लाख मिळतात: ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. त्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावावर हवी आणि कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. बटईने करणारे आणि हातउसने घेणारे यातून सुटतात. अशा घरी ‘अपात्र’चा कागद आला की त्या आठवड्यात रोज कोणीतरी जा. विधवा बाईच्या वारसनोंदीला दीर-सासऱ्यांकडून उशीर होतो. तेराव्यानंतर लगेच तलाठ्याकडे तिच्या सोबत चला.

शिक्षक, हिंगोली जिल्हा

घटना घडली की गावच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो आणि चिठ्ठी फिरते. ॲडमिनना आधीच गाठून ठेवा: फोटो नाही, चिठ्ठी नाही, पद्धत नाही. चौकात ‘बलिदान’ लिहिलेले फलकही नकोत. तशाच अडचणीत असलेला दुसरा माणूस ते रोज वाचत असतो. त्या घरातल्या मुलांना वर्गात परत घेताना उभे करून सांत्वन करू नका. जागा तीच ठेवा आणि बुडालेला अभ्यास गुपचूप भरून द्या. पोळा, दिवाळी आणि वर्षश्राद्धाच्या आसपास त्या घरी जाणे कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा.

परभणीहून प्रश्न

नोंदवही कोणाकडे ठेवता? आमची एकदा चावडीवर उघडी राहिली.

आशा गटप्रवर्तक, यवतमाळ जिल्हा

ताई, वहीत नाव लिहूच नका. घराला आकडा द्यायचा आणि पुढे फक्त भेटीची तारीख, पुढची तारीख, कोण जाणार. आकडा आणि नाव यांची यादी वेगळ्या कागदावर, एकीच्याच कपाटात. एका स्वयंसेवकाकडे चारपेक्षा जास्त घरे ठेवू नका. पाचवे आले की कोणाची तरी चौदाव्या दिवसाची भेट चुकतेच.