दोन रिव्ह्यूअर, दोन उलट सूचना: जुन्या तबकड्यांवरचा पेपर दुरुस्त कसा करावा?

काळी_दोन

नाट्यपदांच्या १९२० ते १९४० मधल्या तीन ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्या, त्यांचं स्वरलेखन आणि एका ज्येष्ठ गायकांची मुलाखत यांवर आधारलेला पेपर परदेशी जर्नलकडे आहे. निर्णय 'मेजर रिव्हिजन', मुदत ६० दिवस. पहिले रिव्ह्यूअर विचारतात की षड्ज (सा) कसा ठरवला, तबकडीचा वेग तपासला का, आणि 'आमच्याकडे हे असंच गातात' हे गायकांचं विधान पुरावा कसं ठरतं. शिवाय स्वरलेखन वाढवा म्हणतात. दुसरे म्हणतात, स्वरलेखनाची भातखंडे पद्धत आमच्या वाचकांना वाचता येत नाही, स्वरलेखन कमी करा, जमल्यास स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) द्या. संपादकांनी दोन्ही अहवाल तसेच पुढे पाठवलेत.

कुणाचं ऐकायचं? ध्वनिमुद्रणाचे तुकडे जोडायला परवानगी लागते का? आणि यूजीसीची केअर यादी (मान्य जर्नलांची) बंद झाल्यावर असा पेपर प्रमोशनला धरतात का? पेपर पीएचडीच्या चौथ्या प्रकरणातून काढलाय आणि प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, आहे.

अनुनाद

दोघांची तक्रार मुळात एकच आहे: तुमचा दावा वाचकाला पडताळून पाहता येत नाही. एकाला त्यासाठी जास्त सामग्री हवी, दुसऱ्याला वाचता येईल अशी हवी. त्यामुळे बाजू निवडू नका. पहिल्याच आठवड्यात संपादकांना चार ओळींची ईमेल करा: या दोन सूचना एकमेकींच्या विरुद्ध आहेत, ज्या ओळींवर युक्तिवाद उभा आहे तेवढ्यांचंच स्वरलेखन मजकुरात ठेवतो आणि संपूर्ण स्वरलेखन ऑनलाइन पुरवणीत देतो, चालेल का? हा निर्णय संपादकांचा असतो, रिव्ह्यूअरचा नाही. त्यांचा होकार आला की उत्तरपत्रात तो नोंदवता येतो.

स्टाफ नोटेशन मात्र नाकारा, पण कारण देऊन. त्यात पट्टी निश्चित असल्याचा भास होतो, आणि मींड (स्वरावरून स्वरावर घसरणं) व कणस्वर (ओझरता लागणारा स्वर) सुट्या टिंबांत मोडून पडतात. त्याऐवजी रोमन सरगम द्या: शुद्धाला मोठं अक्षर, कोमलाला लहान, मध्यमाचं उलट, म्हणजे शुद्ध लहान आणि तीव्र मोठा. पहिल्या उदाहरणाआधी चार ओळींची खूण-सूची द्या आणि एका ओळीचा स्वरालेख (स्वरांचा चढउतार दाखवणारा आलेख) शेजारी ठेवा. एवढ्याने दुसऱ्या रिव्ह्यूअरची अडचण बहुतेक सुटते.

मुलाखतीबद्दलचा आक्षेप बरोबर आहे. आजच्या गायकांचं विधान हा १९३० साली काय गायलं गेलं याचा पुरावा नाही. परंपरा स्वतःबद्दल काय सांगते याचा तो पुरावा आहे, आणि त्या अर्थाने तो मोलाचा आहे. मुलाखत आणि तबकडी जिथे जुळत नाहीत ती जागा लपवू नका. पेपरचा सगळ्यात रंजक भाग बहुधा तिथेच निघेल.

उत्तरपत्र तक्त्यात करा. डावीकडे रिव्ह्यूअरचं वाक्य शब्दशः, मध्ये तुमचं उत्तर, उजवीकडे पान व ओळ आणि बदललेलं वाक्य. नुसतं 'सुधारणा केली' लिहिलं की ते सगळा पेपर पुन्हा धुंडाळतात आणि नवे आक्षेप काढतात. ६० दिवस पुरणार नसतील तर मुदतवाढ मुदत संपण्याआधी मागा. नंतर मागितली तर पुष्कळ ठिकाणी पेपर नवा म्हणून धरतात आणि फेरी पहिल्यापासून सुरू होते.

लेबल_आणि_मॅट्रिक्स

वेगाचा प्रश्न अगदी रास्त आहे. '७८' हे त्या काळी बरंचसं नावापुरतं होतं. मुद्रणाचा प्रत्यक्ष वेग त्याच्या खाली-वर असे. वेगात साधारण ६ टक्के फरक पडला की स्वर एका पट्टीने (अर्ध्या स्वराने) सरकतो, आणि लयही त्याच प्रमाणात. म्हणजे 'गायक काळी चारमध्ये गात' आणि 'लय मिनिटाला इतक्या मात्रांची' ही दोन्ही विधानं एकाच चुकीवर उभी असू शकतात. साथीच्या ऑर्गनवरून वेग काढावा असं वाटेल, पण ते वाद्य नेमक्या कोणत्या स्वरमानाला लावलं होतं हे ठाऊक नसतं.

म्हणून निरपेक्ष पट्टीचे दावे काढून टाका. सगळी अंतरं षड्जापासून सेंटमध्ये (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) द्या. वेग बदलला तरी ती बदलत नाहीत. षड्ज प्राट किंवा टोनी या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढा, तबकडीच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, आणि दोन्ही आकडे छापा. सारंगी गळ्यामागोमाग जाते तिथे सॉफ्टवेअर गळा सोडून सारंगी पकडतं किंवा सप्तक चुकतं. त्या जागा कानाने तपासून हाताने दुरुस्त कराव्या लागतात, आणि तसं केल्याचं पद्धतीच्या भागात लिहावं लागतं.

प्रत कोणती वापरली तेही सांगा: लेबल, कॅटलॉग क्रमांक, मॅट्रिक्स (मूळ साच्याचा) क्रमांक, डिजिटल प्रत कुणी आणि किती वेगाने केली. यूट्यूबवरच्या प्रतीचा वेग कळत नाही आणि खरखर काढताना वरचे स्वरांश गेलेले असतात. गुरुग्राममधल्या एआरसीईसारख्या ध्वनिमुद्रण-संग्रहालयाची प्रत मिळाली तर तीच आधाराला घ्या.

आणखी एक, जे अहवालात दिसत नाही पण पुढच्या फेरीत येऊ शकतं: दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मिळत. 'या गायकाने आलाप कमी केले' हा शैलीचा निष्कर्ष काढण्याआधी ही मर्यादा लिहा.

मसुदा_सातवा

परवानगीचं उत्तर तीन भागांत आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क भारतात प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. १९४० ची तबकडी केव्हाच मुक्त झाली. पदाच्या शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. संशोधन आणि समीक्षेसाठी कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ची सवलत आहेच, म्हणून १०-१५ सेकंदांचेच तुकडे घ्या. तिसरा भाग परदेशाचा: अमेरिकेत १९७२ पूर्वीच्या मुद्रणांना वेगळ्या आणि बऱ्याच लांब मुदती आहेत. १९२३ ते १९४६ दरम्यान प्रकाशित झालेल्यांना १०० वर्षं. प्रकाशक तिकडचा असेल तर तो लेखी परवानगी मागणार. पेपर स्वीकारला जायची वाट न पाहता हक्कदाराला पत्र आजच पाठवा.

मुलाखतीचं संमतीपत्र लेखी हवं. नाव छापायचं की नाही, आणि आवाजाचा तुकडा लावायचा की नाही, हे दोन वेगळे रकाने ठेवा.

दुसरी फेरीही बहुतेकदा अनामिकच असते. वर्ड फाइलचे गुणधर्म, ध्वनिफायलीचं नाव आणि तिच्यातले टॅग, आभार, 'मी माझ्या प्रबंधात दाखवल्याप्रमाणे' अशी वाक्यं: सगळीकडून स्वतःचं नाव काढा.

पडताळणी_कक्ष

केअर यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि जर्नल तपासायची जबाबदारी संस्थांवर टाकली. नेमणूक-पदोन्नतीच्या २०१८ च्या नियमावलीतल्या तक्त्यात शब्द आहेत 'पिअर-रिव्ह्यूड किंवा यूजीसी यादीतलं जर्नल'. कला शाखेला एका पेपरचे १० गुण, दोघे लेखक असतील तर प्रत्येकाला त्याचे ७० टक्के. म्हणून पिअर रिव्ह्यू झाल्याचा पुरावा जपा: दोन्ही अहवाल, निर्णयाची ईमेल, जर्नलच्या धोरणाच्या पानाची तारखेसह प्रिंट. जर्नलच्या वेबसाइटचा पत्ता आयएसएसएन (नियतकालिकांच्या क्रमांकांच्या) पोर्टलवरून पडताळा, कारण नामवंत जर्नलांच्या नक्कल साइट असतात.

शोधगंगेवरच्या प्रबंधामुळे साम्य-अहवालाचा (इतर मजकुराशी किती जुळतं त्याचा) आकडा फुगेल. यूजीसीच्या वाङ्मयचौर्यविषयक २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. ग्रंथपालांकडून दोन अहवाल काढून घ्या, एक प्रबंधासह आणि एक प्रबंध वगळून, आणि पेपर कोणत्या प्रकरणातून आलाय ते संपादकांना लिहिलेल्या कव्हर लेटरमध्ये उघड लिहा. पदाचे शब्दही साम्यात मोजले जातात, म्हणून ते अवतरण म्हणून वेगळे टाका.

काळी_दोन

खूप आभार. संपादकांना आजच लिहिते. एक राहिलं: स्वीकारल्यानंतर प्रूफमध्ये काय बघायचं?

अनुनाद

मूळ भातखंडे स्वरलेखन पुरवणीत जाणार असेल तर कोमलाची खालची रेघ. कॉपी-एडिटर अधोरेखन म्हणजे तिरपं अक्षर समजतात आणि कोमल गंधार शुद्ध होऊन छापला जातो. मंद्र-तार टिंबं आणि तीव्र मध्यमाची उभी रेघही गळतात, विशेषतः मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात असेल तर. स्वरलेखन टाइप करून देऊ नका, व्हेक्टर पीडीएफ द्या. रोमन सरगमचं भय वेगळं: वाक्याच्या सुरुवातीचा लहान अक्षरातला कोमल स्वर ते मोठा करून टाकतात. प्रूफला बहुतेकदा दोन-तीन दिवसच मिळतात, तेव्हा प्रत्येक ओळ मूळ ध्वनिमुद्रण लावून गाऊन तपासा. नुसत्या डोळ्यांनी तपासलं तर हे नजरेतून सुटतं.