सदर्न फंक, सोल आणि रॉक एकत्र करतोय, पण गाणं एकजीव होत नाहीये

तारछेड:
नमस्कार मंडळी. मी कुठल्या लेबलशिवाय (रेकॉर्ड कंपनीशिवाय) एकटाच घरी रेकॉर्डिंग करतो, गिटार, बेस, गाणं सगळं मीच आणि ड्रम्स कंप्युटरवर प्रोग्राम केलेले. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं जे संगीत आहे ना, मेम्फिस, मसल शोल्स, न्यू ऑर्लिन्स, त्याने मला अक्षरशः वेड लावलंय आणि तसंच काहीतरी स्वतःचं करायचंय. चार गाणी झाली पण ऐकताना ठिगळं लावल्यासारखं वाटतं, म्हणजे कडव्यात फंक, कोरसला सोल आणि सोलो सुरू झाला की एकदम रॉक. सूर नीट आहेत, टेम्पो ९० (मिनिटाला ९० मात्रा) आहे, तरी बसत नाहीये. नेमकं काय चुकतंय?

खर्ज:
ड्रम्स ग्रिडला, म्हणजे कंप्युटरच्या काटेकोर मोजलेल्या रेघांना, चिकटवून ठेवलेत का? मला वाटतं तिथेच गोची आहे. १९६५ मध्ये मेम्फिसला स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत गायक विल्सन पिकेटच्या 'इन द मिडनाइट अवर'चं रेकॉर्डिंग चालू असताना निर्माते जेरी वेक्सलर यांनी तेव्हाच्या एका नाचाची स्टेप करून दाखवली, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जरा थांबून पडायचं. अल जॅक्सन ज्युनियर (ड्रम्स) आणि स्टीव्ह क्रॉपर (गिटार) यांनी तो ठेका तसाच किंचित मागे ओढून वाजवला आणि तो ओढा पुढे तिथल्या वाजवण्याची ओळखच झाली.
तुझ्या ९० च्या टेम्पोत सोळावी नोट (म्हणजे एका मात्रेचा चौथा भाग) साधारण १६७ मिलिसेकंदांची होते. तू फक्त स्नेअर (दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर वाजणारा ड्रम) १५-२० मिलिसेकंद मागे, म्हणजे उशिरा, घे, किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि हाय-हॅट (झांजांची जोडी) जागेवरच ठेव, सगळंच मागे सरकवलंस तर काहीच फरक पडणार नाही. आणि बेसच्या नोटा लांबवू नकोस, स्नेअर पडायच्या आत तार दाबून आवाज बंद कर, त्या छोट्याशा शांततेतच फंक आहे रे. मीटर्स हा बँड ऐक, न्यू ऑर्लिन्सचे, चौघेच जण, पण कोण कधी वाजवत *नाहीये* तिकडे लक्ष दे.

जुनी_तबकडी:
खर्ज यांच्याशी सहमत, पण मला मूळ प्रश्नच थोडा वेगळा वाटतो. तारछेड, तुम्ही तीन शैली वेगळ्या धरून मग जोडताय, तिथे त्या वेगळ्या नव्हत्याच हो, माणसं तीच होती! ऑलमन ब्रदर्स म्हटलं की आपण सदर्न रॉक म्हणतो, पण बँड सुरू व्हायच्या आदल्या वर्षी, १९६८ ला, त्यांचा गिटारिस्ट डुएन ऑलमन अलाबामात मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत विल्सन पिकेटच्या मागे गिटार वाजवत होता आणि त्यांचा ड्रमर जेमो आधी ओटिस रेडिंगबरोबर वाजवून आलेला. मग त्यांच्या रॉकमध्ये सोल येणारच ना, बाहेरून आणायची गरजच नव्हती.
फेममधलीच अजून एक गोष्ट, मला फार आवडते. जानेवारी १९६७, गायिका अरेथा फ्रँकलिन पहिल्यांदा तिथे आली होती, गाणं काही केल्या सुरू होईना, सगळे अडकलेले, आणि वादक स्पूनर ओल्डहॅमला वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानोवर एक छोटासा तुकडा सापडला. बाकीचे त्या तुकड्याभोवती जमले आणि गाणं उभं राहिलं. तुमच्या गाण्यात असा एक तुकडा आहे का जो कडव्यात, कोरसमध्ये, सोलोच्या खालीसुद्धा चालूच राहतो? नसेल तर आधी तो शोधा.

गाडीतला_श्रोता:
वरचं दोन्ही पटलं, एकच सांगतो, सोलोला डिस्टॉर्शन (गिटारच्या आवाजातली खरखर) निम्म्यावर आण. क्रॉपर किती कमी वाजवायचा बघ, गायकाची ओळ संपली की दोन स्वर आणि गप्प. सोलो गाण्याला उत्तर देत असेल तर तो रॉक असला तरी परका वाटत नाही. आणि जमलं तर खरा ड्रमर बघच, मिलिसेकंद मोजून थोडं जवळ जाता येतं पण दुसऱ्या माणसाकडे बघून वाजवण्यात जे होतं ते माऊसने होत नाही.

तारछेड:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री दोन वाजेपर्यंत बसलो होतो. स्नेअर १८ मिलिसेकंद मागे घेतला, वीसला लंगडल्यासारखा वाटत होता म्हणून दोन कमी केले. दुसरी गिटार पूर्ण बंद केली तर कळलं की बेसवर एक चार स्वरांचा तुकडा आधीपासूनच होता, माझ्याच गिटारखाली दबलेला! तोच आता शेवटपर्यंत चालू ठेवलाय, सोलोच्या खालीसुद्धा, आणि पहिल्यांदा ते एक गाणं वाटलं. एका ड्रमर मैत्रिणीला ट्रॅक पाठवलाय, ती रविवारी येतेय. एकच शंका राहिली, तिला माझा हा मागे ओढलेला स्नेअर ऐकवू की नुसता बेस आणि गाणं देऊ?

खर्ज:
नुसता बेस आणि गाणं. क्लिकसुद्धा (ताल मोजणारी टिकटिक) देऊ नकोस.