‘तांदा’ला भिशी म्हणावं का?

लॉस एंजेलिस आणि सीमेपलीकडच्या मेक्सिकोतल्या तिहुआना भागातल्या छोट्या विक्रेत्यांवरच्या स्पॅनिश मजकुरात ‘तांदा’ वारंवार येतो. तमाले (मक्याच्या पिठाचा वाफवलेला मेक्सिकन पदार्थ) विकणारी बाई तांद्याच्या पैशांतून हातगाडी घेते, वगैरे. मराठी भाषांतरात ‘भिशी’ बसेल का, की ‘चिट फंड’ म्हणावं?

प्रतिसाद: भिशीच. स्पॅनिशमध्ये तांदा म्हणजे पाळी, खेप. दहाजणी आठवड्याला १०० डॉलर काढतात, दर आठवड्याला एकीच्या हाती १००० पडतात, दहा आठवड्यांत फेरी पुरी. ‘चिट फंड’ अजिबात नको. आपल्याकडे त्याला १९८२चा कायदा, नोंदणी, फोरमनचं (फंड चालवणाऱ्याचं) कमिशन आणि बोलीतली सूट चिकटलेली आहे. तांद्यात कुणाचा डॉलर कापला जात नाही. त्याच कारणानं ‘बोली भिशी’ही चूक.

प्रतिसाद: एक फरक मात्र भाषांतरात सांभाळायला हवा. आपण ‘भिशी लागली’ म्हणतो, कारण बऱ्याच ठिकाणी चिठ्ठी उचलतात. तांद्यात नंबर बहुधा सुरुवातीलाच ठरतात. म्हणून ‘मे तोका ला तांदा’चं ‘माझी भिशीची पाळी आली’ करा, ‘लागली’ नको. नंबरावरच सगळा व्यवहार फिरतो: पहिला नंबर म्हणजे बिनव्याजी कर्ज, शेवटचा म्हणजे नुसती बचत. पैसे उचलून हप्ते थांबवायची भीती पहिल्या नंबरांकडूनच असते, म्हणून नव्या माणसाला शेवटचे नंबर देतात. भिशी चालवणारी बहुधा पहिला नंबर स्वतःकडे ठेवते, आणि कुणी चुकलं तर खड्डाही तिलाच भरावा लागतो. अशा वेळी ‘केदो माल’ म्हणतात. तिथं ‘तोंडघशी पाडलं’ चपखल बसतं. ‘भिशी बुडाली’ लिहू नका, एकीनं हप्ता बुडवला म्हणून भिशी बुडत नाही.

प्रतिसाद: मूळ शब्द ठेवायचाच असेल तर ‘तांदा’ लिहा. ‘टांडा’ चूक, कारण स्पॅनिश ‘त’ आणि ‘द’ दोन्ही दंत्य. ‘तांडा’ लिहिलंत तर वाचक थेट बंजारा वस्तीवर पोचेल. तिहुआना, मेहिकालीकडे याच गोष्टीला ‘कुंदिना’ म्हणतात. मूळ मजकुरात तो शब्द असेल तर एकदा तसाच येऊ द्या, प्रदेश कळतो, पुढे भिशी.

प्रतिसाद: अशा मजकुराच्या भाषांतरात या बायकांना सरसकट ‘बेकायदा विक्रेते’ केलेलं दिसतं, ते बदला. कॅलिफोर्नियात पदपथावर विकणं १ जानेवारी २०१९पासून गुन्हा नाही. गावं नियम घालू शकतात, परवाना मागू शकतात. मूळ मजकुरात परवाना नसल्याचं म्हटलं असेल तरच ‘बिनपरवाना’, एरवी ‘पथविक्रेत्या’. आपल्या २०१४च्या पथविक्रेता कायद्यातला शब्द आहे, तिथंही शोभतो.

प्रतिसाद: एखादं वाक्य मग असं होईल: ‘नाताळच्या तमालेंचं सामान भरायला तिनं भिशीत नोव्हेंबरचा नंबर मागून घेतला.’